कवेलू फेरणारा

पवनारच्या आमच्या घरावर मातीचे दोन हजार तीनशे कवेलू, म्हणजे कौलं, होते. दर मे महिन्यात ते फेरायला एकच माणूस यायचा. चढण्याआधी तो चप्पल उंबऱ्याशी जोडीनं ठेवायचा. प्रत्येक कवेलू बोटानं वाजवायचा. खणखणीत वाजला तर परत बसवायचा, बद्द वाजला तर काढायचा. उन्हानं आणि वानरांनी वर्षाला साठेक कवेलू जात. मी आकडा लिहून ठेवत असे.

"हे छप्पर किती वर्षं टिकेल?" मी विचारायचो.

"पुढच्या मेपर्यंत, मास्तर."

एका वर्षी खाली उतरून तो बराच वेळ चप्पल शोधत राहिला. ती त्याच्या पायाशीच होती.

"लिहा, मास्तर," तो म्हणाला. "माह्या पायाखाली बावीस फुटले. वासा दिसत नाई आता मले. पुढच्या वर्षी दुसरा माणूस पाहून ठेवजा."

मी पाहिला नाही. पुढच्या मे महिन्यात त्याला निंबाखाली खाटेवर बसवलं आणि स्वतः वर चढलो. मी टोपलीतून कवेलू खाली सोडायचो, तो वाजवून निकाल द्यायचा. त्याचा कान अजून पक्का होता.

"वाशावर पाय द्या, मास्तर. वर्ग नाई तो."

संध्याकाळी त्यानं विचारलं, "तुमच्या पायाखाली किती गेले?"

खोटा आकडा मला सांगता येत नाही. "एकतीस."

तो गालातल्या गालात हसला. "माह्याहून नऊ जास्त. मंग पुढच्या वर्षी मीच चढतो."

मी आकडा लिहिला आणि त्याची चप्पल हळूच त्याच्या पायाशी सरकवली.