आमसुलाचं पाणी

स्कॅनआधीचं औषध टोचताच तिच्या नवऱ्याचा चेहरा सुजला, श्वास कोंडला आणि स्कॅनच्या टेबलावरच तो निपचित पडला. घाटकोपरच्या त्या इस्पितळात पुढचा नंबर माझा होता. आत धावपळ चालली होती. बाहेर ती अनोळखी बाई त्याच्या काढून ठेवलेल्या शर्टाची बाही चोळत उभी होती, आत हात असल्यासारखी.

बऱ्याच वेळानं तरुण डॉक्टर बाहेर आला. "गेले, मावशी," म्हणाला. मग विचारलं, "मागच्या स्कॅनला इंजेक्शनानंतर काही झालं होतं?"

"अंगावर पित्त उठलं होतं. आमसुलाचं पाणी चोळलं, बसलं."

"आज अ‍ॅलर्जी विचारली तेव्हा बोलला नाहीत?"

"पित्त ते. अ‍ॅलर्जी कुठली?"

मीही हेच म्हटलं असतं. आमच्याकडे अजून आमसूलच चोळतात.

डॉक्टरला गप्प राहवेना. म्हणाला, "याला अ‍ॅनाफायलॅक्टॉइड म्हणतात. ग्रीक शब्द आहे. फायलॅक्सिस म्हणजे राखण, अ‍ॅना म्हणजे उलट, ऑइड म्हणजे तसं दिसणारं. अ‍ॅलर्जीसारखंच दिसतं, पण खरी अ‍ॅलर्जी नसते."

तिचा हात थांबला. "म्हणजे मी खोटं नाही ना बोलले?"

"नाही."

"मग हे गेले कसे?"

तो आत वळला. मी तिला बाकावर बसवलं, एवढंच. ती पुन्हा बाही चोळू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर मला तेच औषध टोचलं. मी जगले.