न दिलेला राजीनामा

शारजातल्या एका इंटिरियर कंत्राटदाराच्या ऑफिसात मी अकरा वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होते. हे काम काय असतं ते माझ्या आईला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून सोपं करून सांगते. ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगला, पत्राला नंबर द्यायचा, कुठली प्रत जुनी आणि कुठली ताजी याची नोंद ठेवायची, आणि साइटवर कुणी जुन्या ड्रॉइंगवरून भिंत उभी केली की ती आपल्यामुळे उभी राहिली नाही हे सिद्ध करायचं. मला हे काम आवडायचं.

एका सोमवारी अकरा वाजता एचआर मॅडमनी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. टेबलावर टिश्यूचा नवा डबा ठेवला होता. कंपनी रीस्ट्रक्चरिंग करते आहे, माझी पोझिशन आता राहिलेली नाही, यात माझ्या कामाचा काही दोष नाही, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मग एक छापील कागद पुढे सरकवला. तो माझा राजीनामा होता. माझं नाव, हुद्दा, तारीख, सगळं टाईप केलेलं. सही तेवढी माझी हवी होती.

मी विचारलं, काढताय तुम्ही, तर राजीनामा मी कशाला द्यायचा? त्या म्हणाल्या, सीव्हीवर बरं दिसतं, शिवाय हिशेब लवकर होतो. नाहीतर फाइल हेड ऑफिसला जाते आणि मग किती महिने लागतील ते त्यांच्या हातात नाही. आवाज अगदी मऊ होता. काचेपलीकडे आणखी लोक बसले होते. माझ्यामुळे त्यांचा खोळंबा होतोय असं मला वाटलं. मी सही केली. न वाचता कुठलाही कागद पुढे पाठवायचा नाही, हे अकरा वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेली बाई मी.

नवरा दुबईहून दोन तास ट्रॅफिक काढून घरी आला तेव्हा त्याला सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, विमा आहे ना? इथे नोकरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला नोकरी जाण्याचा विमा घ्यावाच लागतो. माझा महिन्याला पाच दिरहम होता. "म्हणजे एकशेवीस रुपये," नवरा म्हणाला. त्याला प्रत्येक आकडा रुपयांत म्हटल्याशिवाय राहवत नाही. नोकरी गेली की तीन महिन्यांपर्यंत मूळ पगाराचा काही भाग मिळतो. मुख्य अट अशी, की नोकरी गेलेली असावी, सोडलेली नसावी.

अकरावीतल्या मुलीने फोनवर सगळ्या अटी वाचल्या. मग माझ्या राजीनाम्याची प्रत वाचली.

"आई, यू रिझाइन्ड," ती म्हणाली.

"मला काढलं गं."

"नॉट अकॉर्डिंग टू धिस."

तरी मी क्लेम भरला. तिसऱ्या दिवशी तो नामंजूर झाला. हेल्पलाइनवरचा माणूस हिंदीत बोलत होता आणि सभ्य होता. त्याने सांगितलं की मी स्वतःहून नोकरी सोडली आहे. मी म्हटलं, मी सोडली नाही, मी सही केली. तो म्हणाला, सही केली म्हणजेच सोडली. आणखी काही मदत हवी आहे का, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, हीच हवी होती. त्याने मला या संभाषणाला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं.

नवऱ्याचं मत पडलं, की खलास, सोडून दे. मी त्याच्याच व्हिसावर होते, त्यामुळे देश सोडायची घाई नव्हती. ओळखीतल्या मराठी मंडळींचं मतही तेच होतं. कंपनीविरुद्ध लेबरमध्ये, म्हणजे कामगार खात्यात, तक्रार केली की पुन्हा कुणी नोकरी देत नाही, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. असं कुणाचं झालंय का विचारलं तर एकालाही नाव सांगता येईना. लिफ्टमध्ये शेजारीण रोज विचारायची, "आज सुट्टी?" दोन आठवडे मी हो म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारणं बंद केलं, आणि तेच मला जास्त लागलं.

मग आमच्याच ऑफिसातल्या एका ड्राफ्ट्समनचा फोन आला. पाकिस्तानातल्या मुलतानकडचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. त्याच सोमवारी त्यालाही काढलं होतं, आणि त्याचाही क्लेम नामंजूर झाला होता. तो शारजातल्याच रोल्ला भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये लेबरच्या तक्रारीचा अर्ज अरबीत टाईप करून घ्यायला निघाला होता. मी सोबत यावं, असं त्याचं म्हणणं होतं. मी गेले ते त्याला धीर द्यायला. स्वतः तक्रार करायची माझी तयारी नव्हती.

टायपिंग सेंटरमध्ये फार गर्दी होती. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. त्याने आपला राजीनामा मला दाखवला. मी माझा पर्समधून काढला आणि, सवयच ती, दोन्ही शेजारी शेजारी धरले. मजकूर शब्दशः एक होता. दोघांनाही 'नव्या संधींचा शोध' घ्यायचा होता, आणि 'संधी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोघांनीही एकच चूक केली होती. पण माझी नजर खाली गेली. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, फाइलचं नाव आपोआप छापलं गेलं होतं. इंग्रजीत. त्याचा अर्थ असा: एचआर, कामावरून काढणे, दुसरी तुकडी, राजीनामा नमुना.

मी ते दोनदा वाचलं. आमच्या ऑफिसात प्रत्येक कागदाच्या तळाशी फाइलचं नाव आलंच पाहिजे, हा नियम मीच केला होता. पहिल्या वर्षी, सर्क्युलर काढून. तो आमच्या एचआरने इतक्या निष्ठेने पाळला असेल असं मला वाटलं नव्हतं.

ड्राफ्ट्समनने विचारलं, "बाजी, क्या हुआ?"

मी म्हटलं, "दो अर्ज टाईप करवाते हैं."

त्या दिवशी काढलेले एकंदर नऊजण होते. मी सगळ्यांना फोन केले. तिघांनी आपल्या पत्राचे फोटो पाठवले, तळाशी तेच नाव. दोघांनी उचलला नाही. एकाने मला समजावलं की नव्या कंपनीत त्याचं बोलणं चालू आहे, त्याचा नंबर डिलीट करावा. एक बाई खोर फक्कानला भावाकडे राहायला गेली होती. ती म्हणाली, मला भांडायचंय, पण भाऊ नको म्हणतो. मी कुणालाच आग्रह केला नाही. आठवड्यापूर्वी मीही नकोच म्हणत होते.

लेबरच्या सुनावणीला समोर एचआर मॅडम होत्या आणि टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई. तिने दोन्ही बाजूंना इंग्रजीत बोलायला सांगितलं. मॅडमनी माझी सही दाखवली. आम्ही कुणावरही जबरदस्ती केली नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते तसं खरंही होतं. मला मीटिंग रूममध्ये कुणी धाक घातला नव्हता. मला फक्त हेड ऑफिसची भीती घातली होती, मऊ आवाजात. अधिकारी बाईने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मॅडम, कृपा करून पानाच्या तळाची ओळ वाचा."

तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचली. मग ड्राफ्ट्समनचं पत्र घेतलं, त्याच्या तळाची ओळही वाचली. मग उरलेल्या तीन पत्रांचे प्रिंट. पाचही वेळा मोठ्याने. तिला गंमत करायची नव्हती, ती फक्त तपासत होती.

"ही माणसं राजीनामा देणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं?" तिने विचारलं.

एचआर मॅडम म्हणाल्या, कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कंपनी नमुना पुरवते.

"'कामावरून काढणे' नावाच्या फाइलमध्ये?"

अधिकारी बाई बराच वेळ कीबोर्डवर टाईप करत राहिली. निघाले तेव्हा मला जिंकल्यासारखं वगैरे वाटलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र अर्धा तास गाडी सुरू करता आली नाही.

कंपनीने आम्हा दोघांनाही दुरुस्तीचं पत्र द्यायचं कबूल केलं: नोकरी मालकाने संपवली, कारण रीस्ट्रक्चरिंग. सरकारी नोंदीतलं कारणही बदलायचं ठरलं. या सगळ्याला इन्शाल्ला म्हणत पाच आठवडे गेले. नोंद बदलल्यावर मी पुन्हा क्लेम भरला आणि तो पुन्हा नामंजूर झाला. नोकरी गेल्यापासून तीस दिवसांत क्लेम भरायचा असतो आणि मला उशीर झाला होता. हेल्पलाइनवर या वेळी दुसरा माणूस होता. त्याला सांगितलं की पहिला क्लेम मी आठव्या दिवशी भरला होता. तो म्हणाला, तो तर राजीनाम्याचा होता. मी म्हटलं, राजीनामा नव्हताच, आता सरकार तसं म्हणतं. मग मी लेखी हरकत घेतली, प्रत्येक कागदाला नंबर देऊन, एक ते सतरा, वर अनुक्रमणिका. सोळा दिवसांनी मंजुरी आली. नवऱ्याने रक्कम वाचून रुपयांत सांगितली. मुलगी म्हणाली, "ओके, दॅट वॉज काइंड ऑफ कूल." तिच्याकडून हे पुष्कळ आहे. मला दोन महिन्यांचे मिळाले. तिसऱ्यात दुबईत नोकरी लागली आणि नियमाप्रमाणे पैसे थांबले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ड्राफ्ट्समनला काहीच मिळालं नाही. त्याचा व्हिसा कंपनीचा होता. तो रद्द झाल्यावर मिळालेली मुदत नोंद बदलण्याआधीच संपत आली, आणि दंड लागू नये म्हणून तो मुलतानला परत गेला. देश सोडला की विमा संपतो. त्याच्यासाठीही मी हेल्पलाइनला फोन केला होता. ते नियमात होतं, आणि या वेळी माझ्याकडे तळाची कुठलीही ओळ नव्हती. आमचा खटला सारखाच होता. माझा नवरा इथे होता, त्याची बायको तिथे होती, एवढाच फरक.

मी त्याला कंपनीने दिलेल्या त्याच्या दुरुस्तीच्या पत्राच्या प्रतीचा फोटो पाठवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला. पैशांचा विषय त्याने काढलाच नाही. "बाजी, ओरिजिनल मिल सकता है क्या? ठप्पे वाला?"

कारण मग कळलं. कंपनीतल्या त्याच्या एका चुलतभावाने गावी सांगितलं होतं की यानेच चांगली नोकरी सोडली. बायकोचा भाऊ त्यामुळे त्याच्याशी बोलत नव्हता. कमावून घर चालवायची जबाबदारी नको म्हणून पळून आला, असं तिथे सगळे धरून चालले होते.

मी कंपनीत जाऊन त्याच्या नावाचं शिक्क्याचं पत्र घेतलं. पोच म्हणून रजिस्टरमध्ये सही मागितली. ती मी दोन्ही बाजू वाचून केली. रोल्लातला एक न्हावी गावी मुलतानला निघाला होता, त्याच्या हाती पत्र पाठवलं. बारा दिवसांनी ड्राफ्ट्समनचा पुन्हा मेसेज आला. मेव्हण्याला इंग्रजी येत नाही म्हणून शाळेतल्या मास्तरांना घरी बोलावलं होतं. मास्तरांनी अंगणात खुर्चीवर बसून पत्र आधी इंग्रजीत वाचलं, मग उर्दूत समजावलं: याने सोडली नाही, याला काढलंय. मेव्हण्याने उठून त्याला मिठी मारली. मग सगळ्यांना चहा झाला. घरात सगळ्यांना फार बरं वाटलं, असं तो म्हणाला.