वरून दिसलेलं अंगण

विमानांच्या कारखान्यात तिला सगळे पंखवाली म्हणत. लाकडी सांगाड्यावर लिननचं कापड ताणून बसवायचं, बोट-बोट अंतरावर टाके घालायचे, मग वरून रोगण चढवायचं, हे तिचं काम. आईबाप गेले तेव्हा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. त्याला वाढवता वाढवता तिचं लग्न राहून गेलं, त्याची खंत तिने कधी केली नाही. भाऊ हाताशी आल्यावर तिनेच त्याला कारखान्यात चिकटवलं, पण एका अटीवर. इंजिनं दुरुस्त कर, तेलात लोळ, मात्र पाय जमिनीवर ठेव.

"ताई, तू शिवलेल्या पंखांवर तुझाच भरवसा नाही होय?" तो चिडवायचा.

"पंखांवर आहे. तुझ्यावर नाही."

मग एक फिल्मवाला आला. विमान कसं बनतं, कसं उडतं, यावर त्याला दहा मिनिटांचा माहितीपट काढायचा होता. गाव आकाशातून टिपायचं ठरलं, पण फिल्मवाला अंगाने असा सुटलेला, की वैमानिकाने त्याला बघूनच हात जोडले. कॅमेऱ्याचं हँडल एका लयीत फिरवणारा काटकुळा माणूस हवा होता. भावाने दोन दिवसांत ते शिकून घेतलं आणि बहिणीला सगळ्यात शेवटी सांगितलं.

"शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"एकदाच गं."

तिने अबोला धरला. ताट वाढून ठेवी, पण तोंडातून चकार शब्द नाही. चौथ्या दिवशी सकाळी दारात बूट चढवताना तो म्हणाला, "आज घरावरून जाणार आहोत. अंगणात ये. वर बघ तरी."

ती अंगणात होती, चादरी वाळत घालत. घरघर जवळ आली, डोक्यावरून गेली, वळून पुन्हा आली. तिने मान वर केली नाही. एकच चादर झटकत राहिली.

उतरताना इंजिन बंद पडलं आणि विमान मैदानाच्या कडेच्या झाडांवर आदळलं. वैमानिक वाचला. भाऊ कॅमेरा पोटाशी धरून बसला होता. कॅमेरा शाबूत राहिला, तो गेला. "तुमचा एक टाका उसवला नाही हो," कारखान्याचा मुकादम तिला पुन्हा पुन्हा सांगत होता.

तीन महिन्यांनी मैदानातल्या तंबूत फिल्म लागली. नदी दिसली, कौलं दिसली, लोक आपापलं घर ओळखून ओरडू लागले. मग एक अंगण आलं. पांढऱ्या चादरी, आणि वाटाण्याएवढी एक बाई, पाठमोरी. चित्र पुढे सरकलं, फिरून पुन्हा तिथेच आलं. बाई तशीच पाठमोरी.

"बहिरी दिसते!" मागून कोणीतरी म्हणालं. तंबू हसला.

खेळ सुटल्यावर फिल्मवाला जवळ आला. "तो तुकडा कापून देऊ का तुम्हाला? त्याने टिपलेलं शेवटचं आहे."

"त्यात तो कुठंय?" पंखवाली म्हणाली. "त्यात मीच आहे."

तरी ती सहा दिवस रोज गेली. सातव्या दिवशी तिकीटवाल्याने तिला अडवलं. "बाई, ती फिल्म गेली दुसऱ्या गावी. आज सर्कशीची आहे. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि आत जाऊन सगळे उठून जाईपर्यंत बसून राहिली.