पास न होणारी दुर्बीण

गल्लीच्या तोंडाशी करिष्माच्या स्कूटरचा हॉर्न वाजला की कौसल्याबाईंच्या कपाळाला आठी पडायची. कुरियरची ही पोरगी आता घरातलीच झाली होती. जिना चढून दारात आली की विचारायची, "काकी, आज द्यायचंय की न्यायचंय?"

"तुझ्या काकांना विचार," कौसल्याबाई म्हणायच्या. "माझं ऐकशील तर त्यांनाच घेऊन जा. खोक्यात मावत असतील तर बघ."

खोक्यात दर वेळी एकच वस्तू असायची, दुर्बीण. कधी येणारी, कधी जाणारी. भिवंडीत कामतघरच्या त्या दोन खोल्यांत राहायला मात्र एकही तयार नव्हती. किंवा दत्तूराव तिला राहू देत नव्हते.

सुरुवात झाली गेल्या मे महिन्यात. कौसल्याबाईंचं माहेर गणेशपुरीजवळ. धाकटा भाऊ नागसेन तिथे भातशेती करतो. त्याच्या बांधापलीकडे ऐनाचं एक जुनं झाड आहे आणि त्या ऐनाच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेश पक्ष्यांची जोडी घर करते. मादी आत जाऊन बसते, चिखलाने आणि विष्ठेने दार लिंपून घेते, आणि उरलेल्या फटीतून नर तिला उंबरं भरवतो. पुढे एक दिवस ती आपल्या चोचीने ती भिंत फोडून बाहेर येते. हे कौसल्याबाई आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पाहिलं मात्र कधीच नव्हतं. जवळ गेलं की नर फिरकत नाही, म्हणून पोरांना तिकडे जाऊच देत नसत. गेल्या वर्षी मुद्दाम गेल्या, तर बांधावरून दिसलं ते काय? खोडावर एक काळा डाग आणि त्याच्यापाशी फडफडणारं करडं काहीतरी.

त्यात नागसेन म्हणाला, "ताई, रस्ता रुंद होनार हाय. झाडावर लाल रंगानं नंबर टाकून गेले. फुडच्या उन्हाल्यापर्यंत उभं राहील, त्याच्या फुडचं काय सांगता येत न्हाय."

म्हणजे बघायचं तर पुढच्या मेमध्ये, नाहीतर कधीच नाही. परतीच्या एसटीत कौसल्याबाई नवऱ्याला म्हणाल्या, "एक दुर्बीण घेऊ या हो. साधीशी."

"घेऊ की," दत्तूराव म्हणाले. "पण नीट बघून."

तिथेच सगळं बिघडलं.

दत्तूराव साळवे खारबावचे. मिसरूड फुटायच्या आत कामतघरला लूमच्या शेडमध्ये लागले आणि थोड्याच वर्षांत कापड तपासायच्या टेबलापाशी जाऊन बसले ते निवृत्तीपर्यंत. लूमवरून उतरलेलं कोरं कापड समोरून सरकत जायचं. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली पट्टी दिसली की दत्तूराव तिथे निळ्या खडूची फुली मारायचे. कापड चांगलं आहे हे सांगायला त्यांना कोणी पगार देत नव्हतं. खोट काढायला देत होतं. त्यांनी पास केलेला तागा बाजारात कोणी उलगडूनही बघत नसे, एवढा त्यांचा दबदबा.

शेड सुटली आणि ती नजर घरी राहायला आली. कोथिंबिरीची जुडी उन्हात धरून बघायची. लग्नाची पत्रिका आली की आधी छपाई कुठे सरकली ते शोधायचं, मग लग्न कोणाचं ते. नागसेन दर भेटीत चिडवायचा, "दाजी, मग आमच्या ताईला कशी काय पास केली?"

"तेव्हा मी टेबलावर बसलो नव्हतो," दत्तूराव शांतपणे सांगायचे. आणि कौसल्याबाई भाकरी जरा जास्तच जोरात थापायच्या.

पहिली दुर्बीण आली ती वीस बाय पन्नासची. आकडा जेवढा मोठा तेवढा पक्षी जवळ, असा दत्तूरावांचा हिशेब. गॅलरीत उभं राहून त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि समोरच्या बिल्डिंगीतल्या वाळत घातलेल्या चादरी अशा हलायला लागल्या, जणू भूकंप झालाय. वजन तर असं की दोन मिनिटांत हात खाली.

कल्याणला बँकेत असलेल्या दीक्षाने फोनवरून समजावलं. "पप्पा, पहिला आकडा म्हणजे कितीपट मोठं दिसणार तो. पक्षी वीसपट मोठा, तर हाताचं थरथरणंही वीसपट. आठ घ्या. दुसरा आकडा पुढच्या भिंगाच्या रुंदीचा. बेचाळीस पुरे, झाडाच्या सावलीतलंही दिसेल. आणि मम्मीला चष्मा आहे. डोळ्यापाशी जे रबरी कप असतात ना, ते फिरवून खाली बसतात का बघा, नाहीतर तिला अर्धंच दिसेल."

सल्ला सोन्यासारखा होता. पण फोन ठेवता ठेवता दीक्षा म्हणाली, "आणि आल्यावर नीट चेक करून घ्या." हे वाक्य कोणापुढे बोलायचं आणि कोणापुढे नाही, एवढंही शिकल्या-सवरल्या मुलीला कळू नये?

मग आठ बाय बेचाळीसची रांग लागली. दत्तूराव हात धुवायचे, पलंगावर पांढरा पंचा अंथरायचे, खोकं उघडायचे आणि दुर्बीण समोरच्या बिल्डिंगीतल्या खिडकीच्या गजांवर रोखायचे. एकीत गजांना जांभळी कड दिसली. परत. दुसरीत कडेचे गज वाकलेले दिसले. परत. तिसरीत खरोखरच दोन नळ्यांची दोन वेगळी चित्रं दिसत होती. डोकं धरलं ते संध्याकाळपर्यंत सुटलं नाही. ती मात्र कौसल्याबाईंनी स्वतःच्या हाताने बांधून दिली.

"मी बघू का जरा?" त्या दर वेळी विचारायच्या.

"नको ग, भिंगावर बोटं उमटतील. परत घेणार नाहीत."

म्हणजे दुर्बीण कोणासाठी, तर कौसल्याबाईंसाठी. आणि हात लावायचा नाही, तोही कौसल्याबाईंनीच. गजांचं मात्र चांगलं चाललं होतं. समोरच्या वहिनींनी एकदा खिडकीत येऊन सरळ विचारलं, "भाऊ, आमच्या घरात काय हरवलंय का तुमचं?" त्या दिवशी कौसल्याबाईंना वाटीभर खीर घेऊन समजूत काढायला जावं लागलं.

कहर झाला तो फेब्रुवारीत. नवीन खोकं, नवीन टेप, सगळं कोरं करकरीत. दत्तूरावांनी दुर्बीण बाहेर काढली, पट्टा अडकवतात तिथली कडी उलटी केली आणि ओरडलेच. "अग ये, ये! ही बघ, माझी खूण!"

कडीखाली निळ्या खडूची एवढीशी फुली होती. सवयच ती. परत पाठवताना खोट सापडलेल्या मालावर फुली मारल्याशिवाय त्यांचा हात राहत नसे. जांभळ्या कडेची ती दुर्बीण भिवंडीतल्याच कुठल्यातरी गोदामात गेली, तिथे नव्या खोक्यात बसली आणि फिरून आपल्याच घरी आली होती. देशभरचा माल ज्या गावातून सुटतो त्या गावात राहिलं की हे असं होतं.

करिष्मा दारातच हसत सुटली. "तरी म्हटलं काकी, ओझं ओळखीचं वाटतंय."

"अहो, तिला तुम्हाला सोडवत नाही," कौसल्याबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला हाकलताय. ठेवा आता."

"पण जांभळी कड आहे ना अजून."

"मग? गोदामात जाऊन बरी होऊन येणार होती का?"

दत्तूरावांना यात विनोद दिसला नाही. त्यांना दिसला आपल्या तपासणीचा पुरावा. ती दुर्बीण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

मार्चमध्ये नागसेनचा फोन आला, मादी आत बसली. एप्रिलमध्ये आला, नर दिवसभर उंबरं वाहतोय. आणि मेच्या एका सकाळी आला, "ताई, आतून ठोकते हाय ती. माती पडाया लागली खाली. आज निघंल न्हायतर उद्या. येताव का न्हाय?"

त्या दिवशी घरात जी दुर्बीण होती, तिच्या डाव्या भिंगाच्या आत धुळीचा एक कण होता. मोहरीपेक्षाही लहान. दत्तूरावांनी ती आदल्या संध्याकाळीच खोक्यात घालून, टेप लावून, दाराजवळ ठेवली होती.

"बदली माल गुरुवारी येतोय," ते म्हणाले. "शनिवारी जाऊ. निवांत."

"ती पाखरू आहे हो, एसटी नाही. शनिवारपर्यंत थांबायला तिला काय पडलंय?"

"अग पण खोट असलेली दुर्बीण घेऊन..."

कौसल्याबाईंनी स्वयंपाकघरातून विळी आणली आणि टेप सरळ फाडली. तेवढ्यात करिष्मा दारात. "काकी, पिकअप आहे."

"रद्द कर."

करिष्माने काकांकडे बघितलं. "ऑर्डर काकांच्या नावावर आहे. त्यांनी सांगावं लागेल."

"सांगा," कौसल्याबाई म्हणाल्या. चष्म्यावरून त्यांनी नवऱ्याकडे असं काही बघितलं की दत्तूरावांनी खिडकीबाहेर नजर वळवून "राहू दे" म्हटलं. करिष्माने मोबाईलवर बोट दाबलं आणि जिना उतरताना वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत हसत गेली.

दोघं एसटीत बसले. अंबाडी गाव मागे पडल्यावर दत्तूराव म्हणाले, "पट्टा गळ्यात घाल. हातात धरू नको, पडेल."

नागसेनच्या कुंपणाजवळच्या आंब्याखाली तिघं उभे राहिले. समोर कोरडं शेत, पलीकडे ऐन, खोडावर लाल नंबर. कौसल्याबाईंनी रबरी कप फिरवून खाली बसवले, उजवा डोळा मिटला, मधलं चाक फिरवून डावा डोळा जुळवला, मग उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवली. वर्षभर दुरून बघून बघूनच हे पाठ झालं होतं. आणि तो काळा डाग एकदम समोर आला. डाग नव्हताच. वाळलेल्या मातीची भिंत होती, तिला मधोमध उभी चीर होती, आणि चिरेतून एक चोच बाहेर येऊन मातीवर आपटत होती.

"दिसते का?" दत्तूरावांनी विचारलं. "कडेला अंधुक नाही ना?"

"गप्प बसा."

मातीचं ढेकूळ पडलं. डोकं बाहेर आलं, अडकलं, पुन्हा आत गेलं. कौसल्याबाईंचे हात भरून आले तेव्हा त्यांनी कोपरं छातीशी टेकवली, पण दुर्बीण खाली केली नाही.

"मला दे की जरा."

"नाही."

"अग एक मिनिट."

"एक वर्ष तुमच्याकडेच होती ना?"

नागसेनने तोंडावर रुमाल धरला. तेवढ्यात डोकं पुन्हा आलं, मग एक खांदा, आणि उरलेलं सगळं एकदम. ती उडाली नाही, पडलीच म्हणायची. खालच्या फांदीवर कशीबशी अडकली. क्षणभर पानांत हरवली आणि कौसल्याबाईंनी दुर्बीण फांदीवरून फिरवली. मग सापडली. मळलेली, विस्कटलेली, उन्हाने डोळे मिटमिटवणारी. इतके दिवस अंधारात बसून पंख कसे पसरायचे हे जणू आठवून बघत होती. कौसल्याबाईंनी पोटभर बघितलं. आई सांगायची त्यात हे मिटमिटणं नव्हतं.

मग त्यांनी पट्टा न काढताच दुर्बीण नवऱ्याच्या डोळ्यांकडे नेली. दत्तूराव वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"शेपटी वाकडी झालीय," ते म्हणाले. "डावीकडची दोन पिसं मोडलीत."

"मग करा परत! घाला ढोलीत, लावा टेप!"

नागसेन आता उघडच हसत होता. दत्तूरावांनी हात मागे करून दोघांना दटावलं. "हळू. बिचकेल ती." आणि मग कुजबुजत सांगायला लागले, तपासणीच्या सुरात नाही, कोणाला तरी झोपवताना बोलतात तसं. आता उजवा पंख उघडला. आता अंग झाडलं. आता नर आला, पण वेडा आधी ढोलीपाशीच गेला उंबर घेऊन.

"बघू मला," कौसल्याबाई म्हणाल्या.

"थांब."

"अहो, मान अडकलीय माझी पट्ट्यात!"

"थांब ना ग, आता उडेल."

आणि ती उडालीच. शेतावरून, अगदी खालून, जड पंखांचा आवाज करत उंबराकडे गेली. ती दोघांनीही नुसत्या डोळ्यांनी पाहिली, कारण दुर्बीण तेव्हा त्यांच्या दोघांच्या मधे लोंबत होती. एका टोकाला कौसल्याबाईंची मान होती, आणि दुसरं टोक दत्तूराव काही केल्या सोडत नव्हते.