पुसलेलं गाणं

गाडी दारात उभी होती आन् माझी बायको मैनी कोंबड्याईले दाणे टाकून राह्यली होती. पोरगा राजुऱ्याकडं कोळशाच्या खाणीत डंपर चालवते. म्हातारपणी त्यानं आम्हाले बोलावून घेतलं. मी म्हटलं, "चल ना, गाडीवाला थांबणार नाई." ती म्हणे, "कोंबड्याईले सांगू तर द्या." असं आमचं गाव सुटलं.

गावातल्या भावांनो, बायांनो, तुम्हाले ती पुस्तकवाली बाई आठवत असंल. आपल्या चालीरीती लिहायले शहरातून आली आन् पावसाळाभर आमच्याच ओसरीत राह्यली. पोरगी चांगली. धान लावायले चिखलात उतरायची, रोपं मात्र वाकडीच लावायची. एक दिवस मैनीले म्हणे, मयतीचं गाणं म्हणून दाखवा. आपल्यात ते मयतीवरच म्हणतेत. उगाच म्हटलं तर गाणं आपला मेलेला शोधत घरात येते. मैनीले हे माहीत नव्हतं काय? पण पाहुणीनं मागितलं, तिले नाई कसं म्हणावं, म्हणून म्हटलं.

मी वावरातून आलो आन् दारातूनच वरडलो, "घरात मेलं कोण?"

पोरीनं परवानगीचा कागद दाखवला. त्यावर मैनीचा अंगठा होता. मी म्हटलं, "अंगठा तिचा. गाणं साऱ्या गावाचं. गावाले इचारलं का?" तिचं तोंड उतरलं. माझ्या डोळ्यांदेखत तिनं आवाज भरायच्या मशीनमधलं गाणं पुसलं. वहीतलं पानही फाडून चुलीत टाकलं.

मैनी दोन दिवस माझं ताट नुसतं पुढं सरकवायची. तिसऱ्या दिवशी वाढता वाढता म्हणे, "तुम्ही मराल तवा म्हणीन. पोटभर."

पण आधी तीच गेली. औंदाच्या थंडीत, इथी राजुऱ्याले. शेजारी भले लोक, चहा आणला, कोणी मोबाइलवर भजन लावलं. मयतीचं गाणं कोणाले येत नव्हतं. ते बायांचं, मले पहिली ओळच येते. ती मी म्हटली, मग थांबलो.

मग त्या पुस्तकवालीले फोन केला. "बाई, थोडंसं तरी राह्यलं असंल कुठी?"

ती रडली. म्हणे, "बाबा, तुमच्यासमोरच पुसलं होतं. मी काही ठेवलं नाही."

शब्दाची पक्की निघाली. राग तरी कोणावर काढू? पुसायले लावलं ते बरोबरच होतं. बरोबर होतं तरी दुखते.

इथी नळ आहे, दवाखाना आहे, सून जेवायले घालते. सकाळी उठून मी कोंबड्या शोधतो, मग आठवते, त्या गावीच राह्यल्या. घर म्हणाल तर आता मले तेच आंगन, जिथं ते गाणं शेवटपर्यंत येणारी बाई आहे.

कमलीबाई, तुझ्या सासूच्या मयतीत तू मैनीच्या मांडीले मांडी लावून गाणं म्हणत होती. तुले सारं येते. आपल्या रीतीनं मैनीच्या नावाचा दगड मांडायले मी गावात येऊन राह्यलो, तेही मयतीचंच काम. तवा म्हण, पुरं म्हण. मग माझ्या वेळी.

तोवर कोणी मागितलं तर नाई म्हणजो. मी फोनवर मागितलं तरी.