काळतोंड्यांचा क्लब

फुनाबोरी स्टेशनातून बाहेर पडलो. सात वर्षांत बदल एवढाच, की कोपऱ्यावरचं कोनबिनी (चोवीस तास उघडं असणारं दुकान) जाऊन तिथे दवाखाना आला होता. पुण्यात घरी सांगितलं होतं, साकुराचा बहर बघायला चाललोय. खरं कारण आमच्या जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहत होतं: मोरिता-सान.

मी इथे नोकरीला असताना ते माझे खालच्या मजल्यावरचे शेजारी. तरुणपणी जर्मनीत कोळशाच्या खाणीत तीन वर्षं राबले आणि तिथल्या गावच्या फुटबॉल क्लबचं वेड घेऊन परतले. क्लब खाणकामगारांनीच काढलेला. पाळी संपली की ते काजळी न धुताच मैदानात उतरायचे. शेजारच्या गावचे लोक 'काळतोंडे' म्हणून हिणवायचे; यांनी तेच नाव झेंड्यावर शिवून घेतलं. पुढे खाणी बंद पडल्या, पण नाव राहिलं.

२०११च्या भूकंपात आमची लिफ्ट बंद पडली, पाण्याचा पंपही. मोरिता-सानांचे गुडघे दुखरे. दोन दिवस मी त्यांना खालून पाणी आणून दिलं. "उद्याही आणतो," म्हणालो. तिसऱ्या दिवशी कंपनीने विमानाचं तिकीट दिलं. चाकांचा आवाज नको म्हणून बॅग उचलून घेऊन मी त्यांच्या दारावरून गेलो. दार वाजवलं नाही. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

आता वाजवलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"पाणी आणलंत?"

"नाही. बाकरवडी."

आत बसल्यावर मोडक्या जपानीत सगळं सांगून टाकलं. "तुम्ही थांबवाल अशी भीती वाटली."

"थांबवलं नसतं," ते म्हणाले. "मग मीच खाली गेलो. वर येताना पडलो." त्यांनी उजव्या गुडघ्यावर थाप मारली. तेव्हा मला कोपऱ्यातली काठी दिसली.

म्हणालो, "असं पळून जाण्याला आमच्या भाषेत तोंड काळं करणं म्हणतात."

त्यांनी एक बाकरवडी तोंडात टाकली. "तिखट आहे," म्हणाले. मग भिंतीवरचा क्लबचा मफलर काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातला.

"म्हणजे तुम्ही आमचेच."

ही माफी होती की टोमणा, परतीच्या विमानात ठरेना. अजूनही ठरलेलं नाही. बायकोला मात्र सगळं सांगितलं. पुण्यात मफलरची थंडी चारच दिवस; एरवी तो दाराजवळच्या खुंटीवर असतो, बाहेर पडताना दिसेल असा.