उघडं लोखंड ठेवायचं नाही

गंजलेल्या लोखंडाला आधी मार द्यावा लागतो, रंग नंतर. हातोडीच्या चपट्या टोकानं ठोकून पोपडे उडवायचे, मग खरवडायचं, मग तारेचा ब्रश, मग रेगमाल म्हणजे घासायचा खरखरीत कागद. पोपडा डोळ्यात उडतो. लाल धूळ नाकात बसते, शिंकरलं तर फडकं विटेच्या रंगाचं होतं. माझ्या डाव्या भुवईवर खूण आहे ती अशाच एका पोपड्याची. नाजूक हातानं गंज निघत नाही. वरवर ब्रश फिरवून पैसे घेणारे इथं आमच्या गोहलपूर मोहल्ल्यात पुष्कळ आहेत. त्यांचं फाटक आतून सडतं आणि गिऱ्हाईक शिव्या देत आमच्या अंगणात येतं.

आमच्या कामाचा एक कायदा आहे. सकाळी जेवढं लोखंड उघडं केलं, तेवढं संध्याकाळच्या आत लाल झालं पाहिजे. लाल म्हणजे रेड ऑक्साइड, गंज धरू नये म्हणून रंगाच्या आधी देतात तो प्राइमरचा हात. उघडं लोखंड दमट हवेत रात्रभर राहिलं की सकाळी त्यावर पिवळा नवा गंज फुटलेला असतो, आणि सगळी मारझोड पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. माझा नवरा कारखान्यात रंगाच्या खात्यात होता, तिथून निवृत्त झाल्यावर त्यानं हे अंगण घेतलं आणि फाटकं रंगवायचं काम सुरू केलं. तो म्हणायचा, घराला आग लागली तरी आधी प्राइमर मारा, मग पाण्याची बादली शोधा.

जावई आम्ही या कामातूनच निवडला. तो आमच्याकडे रंगाला होता. वऱ्हाडातलं घराणं, आईबाप मेलेले, कांचघर मोहल्ल्यात भाड्याच्या दोन खोल्या. त्याचा हात फार चांगला. एक ओघळ नाही, ब्रशचा एक केस चिकटलेला नाही. बिजागरीच्या मागं कुणी बघत नाही, तिथंही तो बारीक ब्रश घालून रंग पोचवायचा. नवरा मला म्हणाला, "ज्याला बिजागरीमागं रंग द्यायचा कंटाळा नाही, तो बायकोला नीट ठेवील." मलाही ते पटलं. दुसऱ्या लोकांनी शेती पाहिली असती, नोकरी पाहिली असती, गोत्र पाहिलं असतं. आम्ही हात पाहिला.

तो हात पोरीवर पडायला लागला तेव्हा त्यातही तीच चिकाटी होती. कुणाला दिसेल तिथं मारायचा नाही. पाठीवर, मांडीवर, काखेखाली. लोकांना दारूचं कारण आवडतं, पण हा दारू पीत नव्हता. हा चहा पिऊन मारायचा. कप धुऊन पालथा घालायचा आणि मग उठायचा. पोरीला एकदा दिवस गेले होते, ते मूल त्याच्या लाथेनं गेलं. त्यानंतर राहिलंच नाही.

ती किती वेळा परत आली आणि किती वेळा गेली ते मी मोजलं नाही. तो यायचा, खाली मान घालून ओट्यावर बसायचा, आणि ही पिशवी भरायची. माझा नवरा होता तोवर तो तिला समजावून पाठवायचा. तो वारल्यावर समजावणारं कुणी राहिलं नाही, कारण मी कुणाला समजावत नाही. तरी ती जायचीच. मला राग यायचा तो त्याच्यापेक्षा तिचा.

मागच्या भादव्यात ती ई-रिक्शातून उतरली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती आणि उजव्या कानाची पाळी फाटून दोन तुकडे झाली होती. त्यानं डूल ओढून काढलं होतं. पहिल्यांदाच दिसेल असं मारलं होतं. मला कळलं की आता याची भीड गेली. हिला पुन्हा पाठवली तर पुढच्या वेळी रिक्शातून उतरणार नाही, उतरवावी लागेल.

"काहून आली?" मी विचारलं.

"कान पाय." तिनं मान वळवून फाटका कान माझ्यापुढं केला.

"पायला. जेवली का?"

"नाही."

कंपाउंडरकडून टाके घालून आणले, जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात हातोडी दिली. मदन महलच्या बाजूच्या एका लग्नाच्या लॉनचं मोठं फाटक आलेलं होतं. दोन पल्ले, माणसापेक्षा उंच, खालच्या पट्ट्या तर गंजानं फुगलेल्या. मी तिला म्हटलं, "रडायचं असेल तर ठोकता ठोकता रड. काम थांबून नाही राहत."

ती रडली नाही. तिनं ठोकलं. ओठ दातात धरून एका जागी इतकं ठोकलं की पट्टी वाकायला लागली.

"अगं माय, गंज काढ. फाटकाला भोक नको पाडू."

"पडू दे."

"पडू दे काय? लॉनवाल्याला काय सांगू, माझ्या पोरीला नवऱ्याचा राग आला होता?"

तेव्हा ती जराशी हसली. टाके ताणले म्हणून लगेच तोंड वाकडं केलं.

दोन दिवसांनी पावसानं उघडीप दिली. आम्ही सकाळपासून लागलो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दोन्ही पल्ले उघडे केले. लोखंड चांदीसारखं झालं होतं. मी प्राइमरचा डबा उघडून काडीनं ढवळत होते, तेव्हा जावई अंगणात आला. धुतलेला शर्ट, केसांना तेल.

तो आमच्याकडे बघायच्या आधी फाटकाकडे गेला. खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं, बोट वळवून पाहिलं आणि म्हणाला, "इथं राहिलं."

राहिलं होतं खरं. त्याची नजर कधी चुकली नाही.

मग तो पोरीला म्हणाला, "चल."

ती खाली बसून तारेचा ब्रश मारत होती. उठली नाही. "मी नाही येत."

"आई, तुम्ही सांगा हिला. मोहल्ल्यात लोक हसून राहिले."

"लोकांना काम नाही," मी म्हटलं. "तुला आहे का? असेल तर जे राहिलं ते घास. नसेल तर नीघ."

"मी तुमच्याशी नाही बोलून राहिलो."

"मग माझ्या अंगणात कोणाशी बोलून राहिला? फाटकाशी?"

त्यानं पोरीची वेणी धरली. नुसती धरली नाही, मनगटाला दोन वेढे दिले, दोरी गुंडाळतात तसे, आणि ओढली. ती बसल्या जागेवरून मागं पडली. तिची टाच प्राइमरच्या डब्याला लागून अर्धा डबा जमिनीवर सांडला. तो तिला त्या लालमधून ओढत नेऊ लागला. तिच्या हातात तारेचा ब्रश तसाच होता. तो तिनं त्याच्या तोंडावर फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसा पट्टीवर फिरवतात तसा, जोर देऊन. कातडी निघाली. तो ओरडला, पण वेणी सोडली नाही. दुसऱ्या हातानं त्यानं तिच्या फाटक्या कानावर मारलं. टाके तुटले.

मी हातोडी उचलली. डोकं जवळ होतं, पण डोक्यावर मारलं तर तो मरेल आणि पोरगी जन्मभर त्याच्या नावानं रडेल एवढा विचार मला सुचला. म्हणून ज्या मनगटाला वेणी गुंडाळली होती तिथं मारली. एकदा मारून सुटली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा आतून वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि बोटं आपोआप उघडली. वेणी सुटली. तो गुडघ्यावर बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला. हात मनगटापाशी जिथं वळायला नको तिथं वळला होता.

शेजारचा वेल्डिंगवाला कुंपणावरून उडी मारून आला, मागं त्याचे दोन कारागीर. जमिनीवरचा प्राइमर बघून त्याला सगळं रक्तच वाटलं.

"मराठन अम्मा! या अल्लाह, मर गया क्या?"

"कलाई से कोई नहीं मरता. उठाओ इसको, अस्पताल ले जाओ."

"और आप?"

मी वर पाहिलं. मदन महलच्या टेकडीकडून ढग चढत होते. दोन्ही पल्ले तसेच उघडे उभे.

"मेरा फाटक खुला पड़ा है," मी म्हटलं.

वेल्डिंगवाल्यानं जावयाला उचलून मालाच्या तीनचाकी लोडरमध्ये घातलं. मी पोरीच्या कानावर फडकं बांधलं, डोक्याभोवती घट्ट गाठ मारली आणि तिच्या हातात प्राइमरचा ब्रश दिला.

"आई, माझे हात थरथरून राहिले."

"थरथरू दे. ओघळ आला तर पुसून घे. ढग पाय."

डब्यात उरला होता तेवढ्यात तारपीन घालून पुरवला. आधी तिनं ती राहिलेली जागा घासली, मग लाल केली. शेवटच्या पट्टीला पोचलो तेव्हा थेंब पडायला लागले होते. ताडपत्री ओढली आणि मग तिला पुन्हा टाके घालायला नेलं. कंपाउंडर म्हणाला, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हो.

ठाण्यातून हवालदार दुसऱ्या दिवशी आला. पोटावरचा पट्टा सावरत त्यानं फाटकाला एक चक्कर मारली.

"यही गिरा था?"

"क्या गिरा?"

"आपके दामाद ने लिखाया है कि फाटक हाथ पे गिर गया."

सासूनं हातोडीनं हात मोडला हे सांगायला त्याला लाज वाटली होती. पण मला त्या बोलण्याचा संताप आला. माझं फाटक असं कुणाच्या अंगावर पडत नाही.

"फाटक नहीं गिरा. हथौड़ी से मैंने मारा."

हवालदारानं माझे पांढरे केस पाहिले. "इस उमर में, अम्मा?"

"जवान होती तो सिर पे मारती. अब हाथ वहीं तक पहुँचता है."

तो खोकल्यासारखं हसला, पोरीच्या बांधलेल्या कानाकडे पाहिलं आणि म्हणाला, "जो वो कह रहा है, वही रहने दो. फाटक ही गिरा." जाताना फाटकाला दोन बोटं लावली. प्राइमर अजून ओला होता, बोटं लाल झाली. पुसायला चिंधी मागितली, ती मी दिली.

जावयाच्या हाताचं ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी टाकली असं वेल्डिंगवाल्यानं सांगितलं. सरकारी दवाखान्यात एकटा पडून होता, जेवण आणणारं कुणी नव्हतं. पोरीनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती डबा भरत होती. मऊ भात, वरण, वर तूप.

"हे कोणासाठी?"

"त्याच्यासाठी."

"ज्यानं तुझा कान फाडला त्याच्यासाठी तूप?"

"आई, मला जाऊ दे."

"जा. पण गेली तर इकडे तोंड दाखवू नको. मी दुसऱ्या मनगटाला मारणार नाही. एवढीच ताकद होती, ती खर्च झाली."

ती गेली. मी दार लावलं. तिची चादर घडी करून वर टाकली, तिचं ताट मांडणीत सगळ्यात मागं सारलं. मग अंगणात जाऊन खिडकीच्या सळ्यांचं एक जुनं जंगलं घेतलं आणि ठोकायला लागले. त्या दिवशी मी तिच्या बापाला शिव्या दिल्या, जावयाला दिल्या, तिला दिल्या, आणि त्या जंगल्याची एक सळी खरंच तोडली. वेल्डिंगवाल्यानं कुंपणापलीकडून विचारलं, "अम्मा, आज किसकी कलाई है?" मी त्यालाही शिवी दिली.

दुपार कलल्यावर दारात लोडर थांबला. मागच्या फाळक्यावर पोरगी बसली होती. तिच्या बाजूला तिची लोखंडी पेटी, शिलाई मशीन, कुकर, गादीची वळकटी आणि लग्नात दिलेली पितळी घागर.

मी दारात उभी राहिले. तिला आत ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

"हे कसं आणलं? खोलीला कुलूप नव्हतं?"

"होतं."

"चावी तर तो करदोऱ्याला बांधून ठेवते. अंघोळीला काढत नाही तो."

"तिथूनच सोडली." ती घागर माझ्या हातात देत म्हणाली. "एका हाताला प्लास्टर, दुसऱ्याला सलाईन. मी एका हातानं भरवत होते, दुसऱ्या हातानं गाठ सोडत होते."

"आणि त्याला कळलं नाही?"

"कळलं ना. माझ्याकडे पाहूनच राहिला होता."

"मग ओरडला नाही?"

"तोंडात भात होता, आई. मी मोठा घास दिला."

लोडरवाला मध्येच म्हणाला, "दीदी, मशीन कहाँ रखूँ?" पोरीनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं, खिडकीखाली, जिथं उजेड येतो. नवरा तिथं आरामखुर्ची टाकायचा. ती खुर्ची तिनंच उचलून बाहेर ठेवली, मला विचारलं नाही. मी मांडणीत हात घालून मागून तिचं ताट काढलं.